इंडी फोकचे अल्बम: कोणते ऐकावेत आणि का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडी फोक म्हणजे नेमके कोणते संगीत?

गिटार, बँजो, पियानो, व्हायोलिन अशा वाद्यांच्या साथीने स्वतः रचलेली गाणी गाणाऱ्या आणि ती मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांऐवजी लहान लेबलांकडून, कधी स्वखर्चानेही, प्रसिद्ध करणाऱ्या कलावंतांचे संगीत, अशी या प्रकाराची ढोबळ ओळख सांगता येते. हे नाव गेल्या तीसेक वर्षांत रुळले असले, तरी त्याची मुळे अमेरिकी आणि ब्रिटिश लोकगीतांत आहेत. १९५२ मध्ये हॅरी स्मिथ यांनी फोकवेज या कंपनीसाठी जुन्या तबकड्यांमधून ८४ ध्वनिमुद्रणे निवडून एक संग्रह सिद्ध केला. त्या संग्रहाने १९६० च्या दशकातील फोक गायकांना चाली, शब्द आणि गाण्याची रीत पुरवली, आणि त्यांच्याकडून तो वारसा पुढच्या पिढ्यांकडे आला. मात्र इंडी फोकमधील बहुतेक गाणी परंपरेने चालत आलेली नसतात. ती एका व्यक्तीने, बरेचदा स्वतःच्याच आयुष्याविषयी लिहिलेली असतात. लोकगीतांकडून त्यांनी घेतला आहे तो वाद्यांचा साधा साज, कडव्यांची बांधणी आणि आवाज न चढवता सांगायचे ते सांगून टाकण्याची सवय.

पुढील शिफारशी कोणत्या निकषावर केल्या आहेत?

निकष एकच आहे. ज्या जागेत आणि ज्या साधनांनी अल्बम ध्वनिमुद्रित झाला, ती जागा आणि ती साधने त्यात ऐकू आली पाहिजेत, आणि गाण्यांना त्यांचा उपयोग झालेला असला पाहिजे. चांगल्या चाली आणि चांगले आवाज पुष्कळ अल्बममध्ये सापडतात. पण एखादी झोपडी, एखादे चार ट्रॅकचे यंत्र किंवा मध्यरात्रीचा रिकामा स्टुडिओ गाण्याचाच भाग होऊन बसतो, असे मोजक्याच ठिकाणी घडते. या प्रकारातील सर्वोत्तम अल्बम याच कारणाने लक्षात राहतात, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने सुरुवात कोठून करावी?

इंग्लंडच्या निक ड्रेक यांच्या ‘पिंक मून’ या अल्बमपासून. तो १९७२ सालचा, म्हणजे इंडी फोक हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधीचा आहे. परंतु नंतरच्या जवळजवळ प्रत्येक कलावंताने ज्या वाटेने जायचे होते, ती वाट त्यात आखलेली आहे. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत, दिवसभराची कामे आटोपल्यानंतर, दोन रात्रींत हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. त्या वेळी तेथे ड्रेक आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड हे दोघेच होते. संपूर्ण अल्बममध्ये आवाज आणि गिटार यांखेरीज दुसरे काहीही नाही. अपवाद फक्त शीर्षकगीताच्या मध्यावर क्षणभर येणाऱ्या पियानोच्या काही सुरांचा, आणि तेही ड्रेक यांनीच वाजवलेले आहेत.

अकरा गाणी आणि सुमारे २८ मिनिटे, एवढाच त्याचा पसारा आहे. एवढ्या थोड्या वेळात ड्रेक शब्दांची किती काटकसर करतात, ते मुद्दाम ऐकावे. ‘नो’ (Know) या गाण्यात गिटारवर एकच लहानसा तुकडा फिरत राहतो, बराच वेळ नुसते गुणगुणणे चालते आणि शब्द म्हणाल तर चार छोट्या ओळी. ‘हॉर्न’ तर निव्वळ गिटारचे, दीड मिनिटाहूनही कमी. आवाज कोठेही चढत नाही, पण गिटारचा ठेका मात्र अत्यंत पक्का आहे: उजव्या हाताचा अंगठा खालच्या सुरांची चाल धरून ठेवतो आणि बाकीची बोटे तिच्या वर सूर विणत राहतात. त्यामुळे दुसरे वाद्य नसल्याची उणीव एकदाही भासत नाही. शेवटचे गाणे, ‘फ्रॉम द मॉर्निंग’, या सगळ्यानंतर उजाडल्यासारखे येते. नोव्हेंबर १९७४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी ड्रेक यांचे निधन झाले आणि याच गाण्यातील एक ओळ त्यांच्या समाधीवर कोरण्यात आली.

त्यांच्या हयातीत या अल्बमला श्रोते फारसे मिळाले नाहीत. १९९९ मध्ये अमेरिकेत एका मोटारीच्या जाहिरातीत शीर्षकगीत वापरले गेले, आणि त्यानंतर कितीतरी लोक या गायकापर्यंत पोहोचले.

ड्रेक यांचे इतर अल्बमही इतकेच साधे आहेत का?

नाहीत. १९६९ च्या ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’मध्ये तंतुवाद्यांचा मोठा साज आहे. केंब्रिजमधील त्यांचे मित्र रॉबर्ट कर्बी यांनी त्यातील बऱ्याच रचना बांधल्या. ‘रिव्हर मॅन’ हे पाच मात्रांच्या चालीत फिरणारे गाणे मात्र हॅरी रॉबिन्सन यांनी सजवले, आणि अल्बममधील सर्वांत सुंदर गाणे तेच आहे. ‘पिंक मून’ आवडल्यावर लगेच हाच ऐकावा.

जंगलातील झोपडीत एकट्याने केलेला अल्बम म्हणून ज्याचे नाव येते, तो कोणता? ती गोष्ट खरी आहे का?

तो ‘फॉर एमा, फॉरेव्हर अगो’, आणि त्याचे कर्ते जस्टिन व्हर्नन, जे ‘बोन इव्हेर’ या नावाने गातात. गोष्ट मुळात खरी आहे. नॉर्थ कॅरोलायनातील राली येथे असताना त्यांचा आधीचा बँड फुटला, एक नाते संपले आणि दीर्घ आजारपणही वाट्याला आले. २००६ च्या अखेरीस ते विस्कॉन्सिन राज्यात परतले आणि वडिलांच्या शिकारीच्या झोपडीत जाऊन राहिले. तेथील हिवाळ्यात या अल्बमचा बहुतेक भाग तयार झाला. काही वाद्ये, उदाहरणार्थ शीर्षकगीतातील पितळी वाद्ये, नंतर दुसरीकडे ध्वनिमुद्रित झाली. त्यामुळे ‘सगळे काही एकट्याने, बर्फात’ ही दंतकथा जशीच्या तशी घेण्याचे कारण नाही. २००७ मध्ये व्हर्नन यांनी तो स्वतःच प्रसिद्ध केला आणि २००८ मध्ये जॅगजॅगुवार या लेबलाने तो सर्वदूर नेला.

परंतु गोष्ट बाजूला ठेवली तरी अल्बम उरतो, आणि ते महत्त्वाचे आहे. व्हर्नन यांनी नेहमीचा आपला जाड आवाज सोडून उंच, पातळ आवाज लावला आणि तोच स्वतःवर अनेकदा चढवला, त्यामुळे एकटा माणूस गात असूनही समूहगान ऐकू येते. हे समूहगान चर्चमधील कॉयरसारखे नितळ नाही. प्रत्येक थर थोडा पुढे-मागे पडतो, एखादा किंचित बेसूर होतो, आणि त्या फटींमधूनच गाण्यातील एकाकीपण जाणवते. शब्दांची निर्मितीही वेगळ्या रीतीने झाली: आधी त्यांनी निरर्थक अक्षरांवर चाली गाऊन ठेवल्या आणि मग त्या पुन्हा पुन्हा ऐकून, त्यांत जे शब्द ऐकू येतील ते लिहून काढले. म्हणून ‘फ्लूम’सारख्या गाण्याचा अर्थ ओळीओळीने लावायला गेल्यास हाती फारसे लागत नाही, आणि तरीही गाणे कशाविषयी आहे याबद्दल शंका राहत नाही. ‘स्किनी लव्ह’ सर्वांना ठाऊक असते. पण शेवटचे ‘री: स्टॅक्स’ चुकवू नये. तेथे थरांची ती दाटी ओसरते, आणि जवळजवळ फक्त गिटार आणि आवाज एवढेच शिल्लक राहतात.

घरी केलेले ध्वनिमुद्रण कच्चे वाटत नाही का?

वाटते, आणि काही अल्बममध्ये त्या कच्चेपणाचाच गाण्याला आधार असतो. सॅम बीम यांनी ‘आयर्न अँड वाइन’ या नावाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘द क्रीक ड्रँक द क्रेडल’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. फ्लोरिडात सिनेमाचे अध्यापन करणाऱ्या बीम यांनी ही गाणी घरी, चार ट्रॅकच्या यंत्रावर, सगळी वाद्ये स्वतःच वाजवून ध्वनिमुद्रित केली. अशा यंत्रावर चारच आवाज स्वतंत्रपणे साठवता येतात. पाचवा हवा असेल तर आधीचे दोन-तीन आवाज एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवावे लागतात, आणि असे करताना त्यांची धार थोडी बोथट होते. साहजिकच, प्रत्येक नवे वाद्य घेण्यापूर्वी ते खरोखर हवे आहे का, हे ठरवणे भाग पडते. बीम यांच्या अल्बममध्ये गिटार, बँजो, धातूच्या नळीने तारांवर सरकत वाजवलेली गिटार आणि कुजबुजल्यासारखा दुहेरी आवाज एवढेच आहे. त्याच्या मागे टेपची बारीक सरसर सतत ऐकू येते. (येथे बँजो म्हणजे आपल्याकडच्या मिरवणुकीत वाजणारा, कळा दाबून वाजवायचा बेंजो समजू नये. हा कातड्याच्या गोल पडद्याचा, लांब दांडीचा आणि बोटांनी छेडायचा असतो.)

पोर्टलंडच्या एलियट स्मिथ यांच्या १९९७ सालच्या ‘आयदर/ऑर’मध्ये दुहेरी आवाजाचे हेच तंत्र आणखी नेमकेपणाने वापरलेले आहे. एकच ओळ दोनदा गाऊन ते एकावर एक ठेवतात. दोन्हींमधील अगदी सूक्ष्म फरकामुळे आवाज दाट होतो, पण मोठा होत नाही. हेडफोन लावून ‘बिट्वीन द बार्स’ ऐकल्यास हे सहज लक्षात येईल.

स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथील होसे गोन्झालेझ यांचा २००३ सालचा ‘व्हिनिअर’ हाही घरीच ध्वनिमुद्रित झालेला अल्बम. ते त्या वेळी जीवरसायनशास्त्रात संशोधन करत होते. नायलॉनच्या तारांची गिटार, तिच्यावरील काटेकोर बोटकाम आणि भावनेचा अजिबात डंका न पिटणारा आवाज अशी त्यांची शैली आहे. त्यांचे ‘हार्टबीट्स’ हे मूळचे ‘द नाइफ’ या इलेक्ट्रॉनिक जोडीचे गाणे. दोन्ही लागोपाठ ऐकल्यास साज बदलला की गाण्याचा स्वभाव कसा पालटतो, ते कळते.

इंग्रजी गीतांचे शब्द नीट समजले नाहीत तर काय करावे?

अल्बमनुसार उत्तर बदलते. ‘फॉर एमा’ किंवा ‘पिंक मून’ शब्द हाती न घेता ऐकले तरी चालते; पहिल्या एक-दोन वेळा तसेच ऐकावे. पुढे येणाऱ्या ‘कॅरी अँड लोवेल’ आणि ‘ईस’ या दोन अल्बमच्या बाबतीत मात्र शब्द समोर ठेवणे आवश्यक आहे, कारण त्यांत चाल शब्दांच्या मागून जाते. गाणी आधी ऐकून मग वाचण्यापेक्षा, ऐकता ऐकताच शब्दांवर नजर फिरवावी. उच्चारांशी कान जुळला की पुढे कागदाची गरज राहत नाही.

‘कॅरी अँड लोवेल’ अतिशय दुःखी आहे असे म्हणतात. मग तो का ऐकावा?

कारण शोक कसा असतो हे इतक्या प्रामाणिकपणे सांगणारे अल्बम फार थोडे आहेत. त्याचे कर्ते सुफियान स्टीव्हन्स हे त्यापूर्वी मोठ्या, सजवलेल्या संगीतासाठी ओळखले जात. त्यांच्या २००५ सालच्या ‘इलिनॉय’मध्ये २२ तुकडे, ७४ मिनिटे, कॉयर, पितळी वाद्ये आणि एका संपूर्ण राज्याचा इतिहास आहे. कॅरी या त्यांच्या आई. सुफियान अगदी लहान असताना त्या कुटुंब सोडून गेल्या होत्या; मानसिक आजार आणि व्यसन यांनी त्यांचे आयुष्य ग्रासले होते. लोवेल ब्रॅम्स यांच्याशी त्यांचे लग्न झाले होते, त्या काही वर्षांत मुले उन्हाळ्यात ऑरेगन राज्यात त्यांच्याकडे जात, आणि आईच्या सहवासाच्या सुफियान यांच्या बहुतेक आठवणी त्या मोजक्या उन्हाळ्यांतल्या आहेत. लोवेल यांनी पुढे सुफियान यांच्यासोबत ॲस्थमॅटिक किटी हे लेबल उभे केले. २०१२ मध्ये कॅरी यांचे निधन झाले, आणि २०१५ मध्ये हा अल्बम आला.

जिला आपण नीट ओळखतच नव्हतो अशा आईसाठी शोक कसा करायचा, हा या अकरा गाण्यांचा प्रश्न आहे, आणि स्टीव्हन्स त्याचे सोपे उत्तर देत नाहीत. त्यांत राग आहे, स्वतःची नासाडी करण्याची ओढ आहे, क्षमा आहे आणि मध्येच पोहण्याच्या वर्गासारखी लहानपणीची बारीकसारीक आठवणही आहे. ‘फोर्थ ऑफ जुलै’मध्ये मृत आई आणि मुलगा यांचा संवाद आहे. आई त्याला लाडाच्या नावांनी हाक मारते, आयुष्याचे काय केलेस ते विचारते, आणि सगळेच मरणार आहेत एवढे एकच वाक्य अखेरीस पुन्हा पुन्हा येत राहते. हे गाणे गिटारवर नाही. खोलवर घुमणाऱ्या कीबोर्डच्या सुरांवर ते अगदी सावकाश पुढे सरकते.

ध्वनिमुद्रणातही झाकपाक कमी आहे. काही भाग हॉटेलच्या खोलीत फोनवर घेतलेले आहेत. ‘जॉन माय बिलव्हेड’च्या अखेरीस गायकाचा श्वास ऐकू येतो आणि तो काढून टाकलेला नाही. ढोल-ताशांसारखी तालवाद्ये जवळजवळ नाहीतच, त्यामुळे श्रोत्याला शब्दांपासून दूर जायला जागाच मिळत नाही. ज्यांनी अलीकडेच जवळचे माणूस गमावले आहे त्यांनी तो बेताबेताने ऐकावा. काहींना त्यातून आधार मिळतो, काहींना तो पेलत नाही, आणि दोन्ही प्रतिक्रिया योग्यच आहेत.

हे सगळे एक माणूस आणि एक गिटार यांचेच संगीत आहे का?

नाही. या प्रकारातील सर्वांत महत्त्वाकांक्षी अल्बम उभ्या चौकटीत तारा ताणलेल्या हार्प या वाद्यावर आणि मोठ्या वाद्यवृंदासह झालेला आहे: कॅलिफोर्नियाच्या जोआना न्यूसम यांचा २००६ सालचा ‘ईस’. त्यात पाचच गाणी असून ती मिळून सुमारे ५५ मिनिटांची आहेत. ‘ओन्ली स्किन’ हे एकटेच जवळजवळ १७ मिनिटे चालते. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येईल ही अपेक्षा ठेवून ऐकल्यास निराशा होते. गाणे एखाद्या दीर्घ कवितेप्रमाणे पुढेच जात राहते, आणि जुनी चाल परत आली तरी ती नव्या वळणाने येते.

या अल्बमची घडण समजून घेतली की तो ऐकणे सोपे होते. आधी स्टीव्ह अल्बिनी यांनी न्यूसम यांचा आवाज आणि हार्प ध्वनिमुद्रित केली. त्यानंतर व्हॅन डाइक पार्क्स यांनी त्या ध्वनिमुद्रणावर वाद्यवृंद बांधला, आणि शेवटचे मिश्रण जिम ओ’रोर्क यांनी केले. म्हणजे ठरलेल्या लयीत वाजणाऱ्या वाद्यवृंदासोबत गायिका गात नाही. ती श्वासानुसार, शब्दानुसार जेथे थांबते किंवा धावते, तेथे वाद्यवृंदाला तिच्या मागे जावे लागते. साथीच्या वादकाने गायकाचा अंदाज घेत जाणे ज्यांच्या कानांना परिचित आहे, त्यांना हे नाते लगेच उमगेल.

न्यूसम यांचा आवाज पहिल्यांदा अनेकांना खटकतो. तो चिरका आणि बालिश वाटू शकतो. अशा श्रोत्यांनी तिसऱ्या गाण्यापासून, ‘सॉडस्ट अँड डायमंड्स’पासून, सुरुवात करावी. त्यात वाद्यवृंद नाही, फक्त हार्प आणि आवाज आहे, आणि दोन्ही हातांची गुंतागुंत स्पष्ट ऐकू येते. मग पहिल्या ‘एमिली’कडे यावे. ते त्यांच्या खगोलभौतिकशास्त्रज्ञ बहिणीला उद्देशून आहे, आणि त्यात आकाशातील तारे व उल्का जागोजागी आलेल्या आहेत. कष्ट घेऊन ऐकावा असा हा अल्बम आहे आणि ते कष्ट वाया जात नाहीत.

समूहगान ऐकायचे असेल तर सिएटलच्या ‘फ्लीट फॉक्सेस’ या बँडचा २००८ सालचा, त्याच नावाचा अल्बम घ्यावा. रॉबिन पेक्नोल्ड आणि त्यांचे सहकारी चार-पाच आवाज एकमेकांत असे गुंफतात की प्रमुख गायक कोण याचा विसर पडतो. ‘व्हाइट विंटर हिम्नल’च्या आरंभी एकापाठोपाठ एक आवाज येऊन मिळतात, अडीच मिनिटांहून कमी वेळात गाणे संपते. मुखपृष्ठावर पीटर ब्रॉयगेल यांनी १५५९ मध्ये रंगवलेले, म्हणींनी गजबजलेले चित्र आहे.

व्हॅश्टी बन्यन यांचे नाव वारंवार का घेतले जाते?

या इंग्लिश गायिकेच्या ‘जस्ट अनदर डायमंड डे’ या अल्बममागील प्रवासामुळे, आणि तो जवळजवळ तीस वर्षे विस्मृतीत राहिल्यामुळे. १९६८ मध्ये बन्यन आणि त्यांचे जोडीदार घोडागाडीने लंडनहून स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांकडे निघाले. वाटेत रस्ता, जनावरे, शेकोटी आणि हवा यांविषयी त्यांनी गाणी रचली. निक ड्रेक यांचे निर्माते जो बॉइड यांनी ती ध्वनिमुद्रित केली, आणि काही गाण्यांचा साज त्याच रॉबर्ट कर्बी यांनी बांधला. १९७० मध्ये अल्बम निघाला, कोणी फारशी दखल घेतली नाही आणि बन्यन यांनी गाणे सोडून दिले. २००० मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर तरुण कलावंतांनी त्यांना शोधून काढले. २००५ मध्ये त्यांचा दुसरा अल्बम आला, तेव्हा जोआना न्यूसम यांनीही त्यात हार्प वाजवली. पहिल्या अल्बममधील आवाज इतका हलका आहे की स्पीकरपासून लांब बसल्यास तो हरवतो. गाणी अंगाईसारखी साधी वाटतात, पण त्यांतून वर्णन होणारे कष्टाचे जगणे अगदी खरे आहे.

लॉरा मार्लिंग यांचा कोणता अल्बम निवडावा? त्यांचा भारताशी काही संबंध आहे का?

२०१३ सालचा ‘वन्स आय वॉज ॲन ईगल’. त्या वेळी मार्लिंग या इंग्लिश गायिका तेवीस वर्षांच्या होत्या. पहिली चार गाणी न थांबता एकमेकांत मिसळतात, त्यामुळे आरंभीचा दीर्घ भाग एकच रचना असल्यासारखा भासतो. गिटारची खालची तार सतत घुमत राहते आणि तिच्या वर चाल उलगडत जाते. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानांना हे ओळखीचे वाटेल.

भारताशी त्यांचा संबंध प्रत्यक्ष आहे. मार्लिंग आणि ‘ममफर्ड अँड सन्स’ हा इंग्लिश बँड यांनी ‘धरोहर प्रोजेक्ट’ या राजस्थानी लोककलावंतांच्या समूहाबरोबर दिल्लीत ध्वनिमुद्रण केले आणि २०१० मध्ये ती चार गाणी प्रसिद्ध झाली. दोन्ही बाजूंची मूळ गाणी त्यात एकमेकांत गुंफलेली आहेत. तो प्रयोग सर्वत्र जमला आहे असे म्हणवत नाही, पण उत्साह अस्सल आहे.

अलीकडच्या काळातील एकच अल्बम सांगायचा झाल्यास?

‘बिग थीफ’ या बँडच्या गायिका ॲड्रिअन लेंकर यांचा २०२० सालचा ‘साँग्ज’. साथरोगामुळे बँडचा दौरा अर्ध्यावर सोडावा लागला, तेव्हा त्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका खोलीच्या लाकडी घरात जाऊन राहिल्या. ध्वनिमुद्रक फिलिप वाइनरोब यांनी टेप यंत्रे तेथे नेली आणि संगणकाचा वापर न करता हा अल्बम टेपवरच तयार केला. पाऊस, पक्षी आणि लाकडांची करकर गाण्यांत मिसळलेली आहे. सुरुवातीला सांगितलेल्या निकषाला पूर्णपणे उतरणारे दुसरे उदाहरण द्यावयाचे तर हेच द्यावे लागेल: घराच्या लाकडी भिंती गिटारच्या पोकळीप्रमाणे आवाज धरून ठेवतात, आणि आपण त्या खोलीतच बसलो आहोत असे वाटते. ‘एनिथिंग’मध्ये घरगुती आयुष्याचे तुकडे भराभर येतात, ‘झॉम्बी गर्ल’मध्ये पक्ष्यांचे आवाज जवळजवळ साथीदार होतात. सोबत प्रसिद्ध झालेल्या ‘इन्स्ट्रुमेंटल्स’मध्ये वाद्यसंगीताचे दोन दीर्घ तुकडे आहेत, पण ते ‘साँग्ज’ पुरते परिचित झाल्यावरच ऐकावेत.

भारतीय कलावंतांचे असे काही आहे का?

आहे. जयपूरचे प्रतीक कुहाड यांचा २०१५ सालचा ‘इन टोकन्स अँड चार्म्स’ हा इंग्रजी अल्बम या प्रवाहाच्या सर्वांत जवळ जातो. बंगळूरूच्या रघू दीक्षित यांच्या २००८ सालच्या पहिल्या अल्बममध्ये संत शिशुनाळ शरीफ यांची कन्नड रचना आहे. तेथे लोकपरंपरेशी नाते उसने राहत नाही. मराठी श्रोत्याला या साऱ्या संगीताची सर्वाधिक ओळख पटते ती मात्र जात्यावरच्या ओव्यांमुळे, असे वाटते. श्रोता समोर नसताना, स्वतःच्या कामाच्या लयीत, आपल्याच सुखदुःखाविषयी गाणारा तो आवाज आहे. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या आहेत, आणि त्यांतील अनेकींची ध्वनिमुद्रणे आज ऐकायला मिळतात. ती जरूर ऐकावीत.

गाणी सुटी ऐकावीत की अल्बम सलग?

सलग आणि दिलेल्या क्रमानेच. ‘पिंक मून’चे शेवटचे गाणे किंवा मार्लिंग यांची पहिली चार गाणी सुटी ऐकल्यास त्यांचा निम्मा अर्थ जातो. स्ट्रीमिंग ॲपवर शफल बंद करावे आणि एक गाणे संपताना दुसऱ्याची मिसळण करणारी सोय असल्यास तीही बंद ठेवावी, कारण गाण्यांमधील शांतताही ठरवून ठेवलेली असते.

महागडा हेडफोन किंवा रेकॉर्ड प्लेयर हवाच का?

नाही. साधा, तारेचा हेडफोन पुरतो. खोली शांत हवी आणि आवाज मध्यम ठेवावा.

गिटार शिकणाऱ्याने यांतील कोणता अल्बम वाजवायला घ्यावा?

‘पिंक मून’चे शीर्षकगीत घ्यावे, पण नेहमीच्या पद्धतीने लावलेल्या गिटारवर ते बसत नाही. जाड तारेपासून बारीक तारेकडे सी, जी, सी, एफ, सी, ई अशा सुरांत तारा लावाव्यात आणि दुसऱ्या घरात कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावावा. सर्वांत जाड तार बरीच सैल होत असल्याने फार पातळ तारांचा संच वापरू नये, नाहीतर ती खडखडते. डाव्या हाताचे काम तुलनेने सोपे आहे. उजव्या हाताचा अंगठा सुटा आणि संथ चालवण्याचा सराव आधी करावा, आणि तो स्थिर झाल्याशिवाय गायला सुरुवात करू नये. होसे गोन्झालेझ यांची गाणी त्यानंतर घ्यावीत.